चौकटीबाहेरचा साग : अमेरिकी इतिहासचित्रांतील जहाजे आणि शिवडीचा किनारा

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या लढाऊ जहाजाने ब्रिटिश नौदलाचे ‘जावा’ हे जहाज काही तासांच्या तोफयुद्धानंतर निकामी केले. ‘जावा’चा कप्तान लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला. जहाज इतके मोडले होते, की ते ओढून नेणे शक्य नाही हे पाहून विजयी कप्तान विल्यम बेनब्रिज याने त्यावरील माणसे उतरवून घेतली आणि ते नष्ट केले. या प्रसंगाची चित्रे अटलांटिकच्या दोन्ही काठांवर निघाली. लंडनमध्ये निकोलस पोकॉकच्या चित्रांवरून १८१४ मध्ये खोदचित्रांची एक मालिका प्रसिद्ध झाली. बॉस्टनमध्ये ॲबेल बोवेनने १८१६ मध्ये काढलेल्या ‘नेव्हल मॉन्युमेंट’ या ग्रंथात या युद्धातील सागरी झुंजींची चित्रे एकत्र आली. अशा चित्रांची भाषा एव्हाना ठरून गेली होती. एका जहाजाच्या डोलकाठ्या शाबूत, दुसऱ्याच्या कोसळलेल्या. मध्ये धुराचा पांढरा पडदा. वर फडकणारे एक निशाण आणि उतरलेले दुसरे. प्रेक्षकाला निकाल वाचता यावा एवढ्यासाठीच जणू सगळी रचना केलेली असते.

चित्रात जे दिसत नाही ते ‘जावा’च्या पोटात होते. हे जहाज हिंदुस्थानकडे निघाले होते. मुंबईच्या लष्कराचा नियोजित सरसेनापती लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप हा त्यावर उतारू होता. मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या चौऱ्याहत्तर तोफांच्या एका जहाजासाठी लागणारे तांब्याचे पत्रे त्यावर लादलेले होते. बेनब्रिजने आपल्या सरकारला पाठविलेल्या वृत्तांतात त्यांचा उल्लेख आहे. समुद्रातील लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून बचाव व्हावा म्हणून जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकीत, आणि त्या काळी ही सामग्री इंग्लंडहून यावी लागे. याखेरीज मुंबईतच बांधावयाच्या आणखी एका जहाजाचे आराखडे ‘जावा’वर होते. तेही गेले. त्यांच्या नकला नंतर पुन्हा पाठवाव्या लागल्या आणि त्यांवरून जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली जे जहाज तयार झाले ते ‘ट्रिंकोमाली’. ते १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. अमेरिकनांच्या हाती सापडून सुटलेला हिस्लॉप एव्हाना मद्रासचा सरसेनापती होऊन दख्खनच्या फौजेचे नेतृत्व करीत होता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती तोच.

ब्राझीलच्या किनाऱ्यावरील एका अमेरिकी विजयचित्राच्या तळघरात मुंबईचे तांबे, मुंबईचे आराखडे आणि मराठेशाहीच्या अखेरच्या लढायांतील एक सेनापती असावा, हा केवळ योगायोगांचा खेळ नव्हे. एकोणिसाव्या शतकातील जहाज ही वस्तूच अशी आहे, की तिचे लाकूड एका खंडातले, तांबे दुसऱ्या, नाव तिसऱ्या आणि शत्रू चौथ्या. इतिहासचित्र मात्र या वस्तूला एकाच राष्ट्राच्या कथेत बसवू पाहते. ही बसवणूक कशी होते आणि तिच्यात काय गळते, हा साहित्याच्या अभ्यासकालाही परका प्रश्न नाही. ऐतिहासिक कादंबरी आणि ऐतिहासिक चित्र या दोन्ही संहिता एकाच शतकात, एकाच गरजेतून वाढल्या. गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेने कादंबरीतील मौनांची पुष्कळ चिकित्सा केली. चित्रातील मौने त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहेत.

अमेरिकी इतिहासचित्रात जहाजाला जे स्थान मिळाले ते युरोपातील कोणत्याही चित्रपरंपरेत मिळाले असेल असे वाटत नाही. हॉलंड आणि इंग्लंड येथे सागरी चित्रकला जुनी आणि समृद्ध होती हे खरे. परंतु चित्रप्रकारांच्या उतरंडीत ती इतिहासचित्राच्या खालीच राहिली. अमेरिकेला मात्र स्वतःचा आरंभच समुद्रावरून सांगावा लागत होता. तेथे ना पौराणिक राजवंश होता, ना गोऱ्या वसाहतवाल्यांना आपला म्हणता येईल असा भग्नावशेषांचा वारसा. होते ते एक आगमन. वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या घुमटाखाली १८४३ मध्ये रॉबर्ट वेअरचे यात्रेकरूंच्या प्रस्थानाचे चित्र लागले. त्यात जहाजाची फळी हीच प्रार्थनामंदिराची भूमी झाली आहे. १८४७ मध्ये जॉन व्हँडरलिनचे कोलंबसाच्या आगमनाचे चित्र त्याच दालनात आले. तेथे जहाजे दूर, पार्श्वभूमीला, काम उरकलेल्या सेवकांसारखी उभी आहेत. विल्यम पॉवेलच्या एरी सरोवरावरील लढाईच्या चित्रात (संसदेतील प्रत १८७३ ची) कप्तान पेरी निकामी जहाज सोडून होडीतून दुसऱ्या जहाजाकडे निघाला आहे. आणि १८५१ मधील इमॅन्युएल लॉइट्झे याचे वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडत असल्याचे चित्र तर जगभर पोहोचले. हे चित्र जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये रंगवलेले आहे. त्यात फडकणारे निशाण प्रसंगानंतर, १७७७ मध्ये, स्वीकारले गेले. प्रसंग डिसेंबर १७७६ चा. इतिहासाच्या शिक्षकाला खटकणारी ही चूक चित्राच्या दृष्टीने चूक नाही, कारण चित्र त्या रात्रीचे नसून त्या रात्रीला नंतर आलेल्या अर्थाचे आहे.

या चित्रात एक गोष्ट मात्र लॉइट्झेने केली, जी सागरी विजयचित्रांनी सहसा केली नाही. त्याने वल्हेकरी दाखविले. बर्फ ढकलणारे, पाठी वाकलेले, निरनिराळ्या पोशाखांतले. त्यांत एक आफ्रिकी वंशाचाही. नायक उभा आहे तो या वाकलेल्या पाठींच्या जोरावर, हे चित्र नाकारीत नाही. हेतू राष्ट्रीय एकात्मतेचा असेल, गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटू घातलेल्या देशाला एका होडीत बसविण्याचा असेल; तरी श्रम चौकटीत आले. मोठ्या जहाजाच्या चित्रात हे घडत नाही. जहाज जितके मोठे तितका माणूस लहान होत जातो आणि अखेरीस शिडांच्या भूमितीत नाहीसा होतो. उरतो तो कप्तान. तोही बहुधा शीर्षकात.

१८१२ च्या युद्धाची चित्रे काढणाऱ्यांत मिकेले फेलिचे कॉर्ने हे नाव महत्त्वाचे आहे. हा इटालियन चित्रकार एका व्यापारी जहाजावरून १८०० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदरात आला आणि तेथेच जहाजांची ‘व्यक्तिचित्रे’ काढू लागला. सेलमचे व्यापारी मिरी, कापड आणि इतर माल यांसाठी पूर्वेच्या बंदरांत येत. मुंबई त्यांच्या नकाशावर होती. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या सेलमच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीच्या संग्रहात नसरवानजी माणेकजी वाडिया या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याचे चित्र आजही पाहावयास मिळते. अमेरिकी जहाजांचा मुंबईतील हा मध्यस्थ आणि त्याचे चित्र १८०३ मध्ये सोसायटीला भेट मिळालेले. म्हणजे अमेरिकी सागरी चित्रकलेच्या अगदी प्रारंभीच्या एका केंद्रात जहाजाबरोबर मुंबईचा एक माणूसही भिंतीवर होता. पुढे राष्ट्रीय इतिहासचित्र घडू लागले तेव्हा जहाज राहिले, माणूस गेला. संग्रहालयात ज्याला जागा असते त्याला इतिहासात जागा असतेच असे नाही.

मुंबईत बांधलेले एक जहाज मात्र अमेरिकी इतिहासात नावासकट शिरले. ते ‘कॉर्नवालिस’. चौऱ्याहत्तर तोफांचे हे सागवानी जहाज मे १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीतून बाहेर पडले. ‘जावा’बरोबर बुडालेले तांबे ज्या काळात अपेक्षित होते त्या काळात गोदीत जे बांधकाम चालू होते, ते याचेच. एप्रिल १८१५ च्या अखेरीस, आफ्रिकेच्या दक्षिण टोकापलीकडच्या समुद्रात, ‘हॉर्नेट’ आणि ‘पीकॉक’ या दोन अमेरिकी जहाजांना दूरवर एक मोठे गलबत दिसले. कंपनीचे मालवाहू जहाज असावे, लूट चांगली मिळेल, अशा समजुतीने दोघेही त्याच्या दिशेने निघाले. जवळ गेल्यावर कळले, की ते मालवाहू नाही. दोघांनी दोन दिशा धरल्या आणि ‘कॉर्नवालिस’ने ‘हॉर्नेट’चा पाठलाग सुरू केला. कप्तान जेम्स बिडल याने जहाज हलके करण्यासाठी तोफा, नांगर, होड्या, जे जे म्हणून जड ते ते समुद्रात टाकले आणि कसाबसा निसटला. युद्धसमाप्तीचा तह तोपर्यंत होऊन गेला होता. ती वार्ता या पाण्यात पोहोचली नव्हती.

या पाठलागाची चित्रेही अमेरिकेत निघाली. पराभवातून सुटका हाही विजय मानणाऱ्या तरुण राष्ट्राला हा प्रसंग प्रिय होता. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाने तर तो मुद्दाम पाहावा, कारण त्याच्या मुळाशी चिन्हाचे चुकीचे वाचन आहे. जहाजाची आकृती दुरून पाहून त्याचा अर्थ लावणे हे खलाशाचे रोजचे काम. पूर्वेकडून किंवा पूर्वेकडे जाणारे भव्य जहाज म्हणजे माल, हा त्या काळच्या वाचनसंकेत. तो येथे फसला. चित्र मात्र वाचनाची ही चूक दाखवू शकत नाही. प्रेक्षकाला पाठलाग करणारे जहाज पहिल्यापासून शत्रूचेच दिसते. कथेत जो क्षण सर्वांत उत्कट, तोच चित्रात अशक्य. लेसिंगने काव्य आणि चित्र यांच्यातील काल व अवकाश यांचा जो भेद सांगितला त्याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

‘कॉर्नवालिस’चे पुढील आयुष्य याहून अधिक चित्रित झाले. पहिल्या अफूयुद्धाच्या शेवटी, २९ ऑगस्ट १८४२ रोजी, नानजिंगचा तह याच जहाजाच्या कक्षात झाला. कॅप्टन जॉन प्लॅट या बंगाल लष्करातील अधिकाऱ्याने तो प्रसंग रंगविला आणि १८४६ मध्ये त्याचे खोदचित्र लंडनहून प्रसिद्ध झाले. या चित्रात जहाज दिसतच नाही, कारण प्रेक्षक जहाजाच्या आत आहे. टेबल, कागद, गणवेश, चिनी अधिकाऱ्यांचे झगे, आणि वर सागवानी तुळयांचे छत. एका साम्राज्याने दुसऱ्याकडून बंदरे उघडून घेतली ती मुंबईच्या सुतारांनी उभारलेल्या खोलीत. त्या तहाने ज्या व्यापाराचा मार्ग मोकळा झाला त्यात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे खोली आणि कागद यांतील अंतर आणखी कमी होते. अमेरिकेने १८४४ मध्ये चीनशी आपला तह केला आणि त्याच्या मान्यतापत्रांची देवघेव करण्यासाठी १८४५ मध्ये जो अधिकारी चीनला पोहोचला तो कमोडोर जेम्स बिडल. तीस वर्षांपूर्वी तोफा समुद्रात टाकून ज्या जहाजापुढून तो पळाला, त्याच जहाजात झालेल्या तहाने उघडलेल्या किनाऱ्यावर तो आला होता. हा प्रसंग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी त्याला कृत्रिम म्हटले असते.

येथे एका लोकप्रिय कथेचा विचार करणे भाग आहे. मुंबईच्याच गोदीत १८१० मध्ये तयार झालेले ‘मिंडेन’ हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज ब्रिटनबाहेर ब्रिटिश नौदलासाठी बांधलेले त्या दर्जाचे पहिले जहाज. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर ब्रिटिशांनी रात्रभर भडिमार केला तेव्हा फ्रान्सिस स्कॉट की हा अमेरिकी वकील ‘मिंडेन’वर होता आणि तेथेच त्याला पुढे अमेरिकेचे राष्ट्रगीत झालेली कविता सुचली, असे मुंबईच्या इतिहासावरील लेखनात वारंवार सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या स्वरात अभिमान असतो. वस्तुस्थिती अशी, की की हा कैद्यांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करावयास गेला होता, काही काळ ब्रिटिश जहाजांवर होता, आणि भडिमाराच्या रात्री तो ब्रिटिशांच्या पहाऱ्याखाली आपल्या अमेरिकी शांतिनौकेवर होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पर्सी मोरनने काढलेल्या चित्रात तो फळीवर उभा राहून पहाटेच्या उजेडात निशाणाकडे हात करतो. त्या चित्राचे पुनर्मुद्रण झाले तसतसा ‘कोणत्या जहाजाची फळी?’ हा प्रश्न निर्माण झाला असल्यास नवल नाही. चित्राला फळी लागते, आणि रिकाम्या फळीला नाव.

मुंबईकराने त्या फळीला ‘मिंडेन’ हे नाव का द्यावे? येथे केवळ माहितीची चूक नाही. दुसऱ्याच्या राष्ट्रीय कथेच्या कोपऱ्यात आपला साग दिसावा ही वासाहतिक मनाची जुनी ओढ आहे. आपल्या श्रमाला मोल यावे म्हणून आपण ते दुसऱ्याच्या गौरवक्षणाला टांगतो. ‘जावा’वरील तांबे आणि आराखडे यांची हकीकत खरी असून कोणी अभिमानाने सांगत नाही, ‘मिंडेन’ची हकीकत निराधार असून सर्वांना ठाऊक आहे. पहिलीत मुंबई ही कारखाना म्हणून येते, दुसरीत मंगलप्रसंगी उपस्थित असलेला पाहुणा म्हणून. निवड कोणती झाली ते उघड आहे.

वाडियांविषयीची दुसरी एक आख्यायिका या संदर्भात अधिक बोलकी आहे. ‘कॉर्नवालिस’ नावाचेच एक आधीचे जहाज १८०० च्या सुमारास मुंबईत बांधले गेले. जमशेटजींनी त्याच्या तळाच्या तुळईवर, बाहेरून कोणास दिसणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे अशा अर्थाची ओळ इंग्रजांच्याच शिवीसह कोरून ठेवली आणि कित्येक वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले तेव्हा ती गोऱ्या अधिकाऱ्यांना दाखविली, असे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. इतिहासचित्र जहाजाच्या बाह्यरेषेवर जगते. ही ओळ आत, पायाशी आहे. चित्र सर्वांसाठी, ओळ अशा वाचकासाठी, जो जहाज उलगडील. आणि तीत शिवी उलटवून स्वाक्षरी केलेली आहे. दलित साहित्याने पुढे जी भाषिक कृती केली तिच्याशी हे नाते जोडणे सोपे, पण धोक्याचे होईल. जमशेटजी हे प्रतिष्ठित गोदीप्रमुख होते. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात त्यांचे तैलचित्र आहे. ज्यांनी फटींत कापूस आणि राळ भरली, तांबे ठोकले, सागाचे ओंडके ओढले, त्यांची ओळ आख्यायिकेतही नाही.

मराठी परंपरेत जहाज काढायचे झाले तर सामग्री कमी नव्हती. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या संघर्षाशी तिचा संबंध सामान्यतः जोडला जातो. तेथे वल्हेकऱ्यांची डोकी एका रांगेत स्पष्ट दिसतात, हा त्या शिल्पाचा मोठेपणा. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमारावरील प्रकरण तर या विषयावरचा मराठीतला अपूर्व दस्तऐवज आहे. त्यात जहाजाचा विचार झाडापासून सुरू होतो. कोणते लाकूड तोडावे, आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविली असल्याने त्यांना हात लावू नये, लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, हा उपदेश आरमाराच्या प्रकरणात येतो, अरण्याच्या नव्हे. ज्या संहितेत जहाजाच्या आधी झाडाचा मालक येतो, ती संहिता अमेरिकी विजयचित्रापासून फार दूर आहे. त्या चित्राला कधीच न पडलेला प्रश्न तिला पहिल्याच पावलावर पडला.

पण मराठी चित्र या संहितेच्या मागे गेले नाही. मराठ्यांच्या जहाजांचे प्रसिद्ध तैलचित्र काढले ते डॉमिनिक सेरेसने, लंडनमध्ये, १७७१ मध्ये. विषय होता फेब्रुवारी १७५६ मधील घेरियाचा, म्हणजे विजयदुर्गाचा पाडाव. त्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळते आहे. पेशव्यांच्या संमतीने आणि साहाय्याने ते जळाले, हे चित्राच्या कक्षेबाहेरचे. त्याआधीच्या वर्षी सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेने लंडनजवळच्या टेकडीवर १७८४ मध्ये एक बुरूज बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव, इंग्रजी उच्चारात, दिले. तो अजून उभा आहे. इकडे पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली, शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणीस घरोघरच्या भिंतींवर गेले; त्या भिंतीवर जहाज जवळजवळ पोहोचले नाही. ऐतिहासिक कादंबरीचेही तेच. गड, खिंड, छावणी आणि दरबार ही तिची स्थळे. कान्होजी आंग्रे तीत आले तरी समुद्र बहुधा वर्णनापुरता आला. याचे कारण मराठी मनाला समुद्राचे वावडे होते, असे सांगितले जाते. ते पटण्याजोगे नाही. कोळी, भंडारी, खारवी, दर्यावर्दी मुसलमान यांचे मन मराठी नव्हते असे मानल्याखेरीज तो सिद्धान्त उभा राहत नाही. खरे कारण असे दिसते, की चित्र आणि कादंबरी घडविणारा वर्ग ज्या इतिहासाची कागदपत्रे संपादित करीत होता, तो दफ्तराचा इतिहास होता. दफ्तर देशावरचे होते. आरमार बुडाले त्यात पेशवाईचा हात होता, ही अडचणही होतीच.

शिवडीचा किनारा या सर्व चित्रांच्या चौकटीबाहेर आहे, आणि म्हणूनच तेथून पाहिले असता ती वेगळी दिसतात. मुंबईची जहाजे बांधली गेली ती फोर्टजवळच्या गोदीत. शिवडीच्या वाट्याला उथळ पाणी, चिखल आणि तिवरे आली. इंग्रजांनी १६८० मध्ये तेथे लहानसा किल्ला बांधला तो पाहण्यासाठी, पूर्वेकडून कोण येते यावर नजर ठेवण्यासाठी. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान आला तो याच बाजूने उतरला. म्हणजे पहाऱ्याचा काही उपयोग झाला नाही. जेम्स वेल्सच्या १८०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या बारा दृश्यांत बंदर आहे, माझगावची टेकडी आहे, शीवचा किल्ला आहे. त्या रम्यदृश्यांना नारळ, टेकडी आणि शांत पाणी हवे असते. चिखलाला तशी रम्यता नसते. ओहोटीच्या वेळी शिवडीला क्षितिज जवळ येते आणि जहाज दूर जाते.

पुढे शिवडीला जे मिळाले ते बहुतेक जहाजांनी मागे ठेवलेले. १८६५ मध्ये येथील बागेची जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरचा कापूस तोडला तेव्हा मुंबईत पैशाचा जो पूर आला तो त्याच १८६५ मध्ये ओसरला. ज्या कापसाने तो आणला त्याचा बाजार १९२०च्या दशकात कुलाब्याहून शिवडी-माझगावच्या भरावावर आणण्यात आला. ‘कॉटन ग्रीन’ हे स्थानकाचे नाव त्याची खूण. त्याच किनारपट्टीवर दारूखान्यात जुनी जहाजे फोडण्याचा धंदा उभा राहिला. गिरणगावच्या साहित्यात गिरणीचा भोंगा, चाळ, मोर्चा यांनी जी जागा व्यापली तिच्या पूर्वेला मैलभरावर हे सारे चालू होते आणि साहित्यात ते क्वचितच आले. मर्ढेकरांच्या एका सुप्रसिद्ध कवितेत माघातल्या पहाटेचे मुंबई बंदर आहे. ती प्रतिमा मराठीला विसरता आलेली नाही. पण ते उजळणारे बंदर आहे. फोडले जाणारे जहाज मराठी कवितेला आपला विषय वाटला नाही. इंग्रजांकडे टर्नरचे ‘टेमेरेअर’ आहे: ट्रॅफल्गरला लढलेले जहाज मोडीत निघाले असता एक काळी वाफेची नौका त्याला ओढून नेते आहे, असे ते १८३९ मध्ये प्रदर्शित झालेले चित्र. त्यातही जहाज अजून अखंड आहे. घण घालणारा माणूस त्यात नाही.

‘कॉन्स्टिट्यूशन’ मोडीत निघणार अशी वार्ता १८३० मध्ये पसरली तेव्हा एकवीस वर्षांच्या ऑलिव्हर वेंडेल होम्सने एक छोटी कविता बॉस्टनच्या वृत्तपत्रात छापली. ती देशभर पुनर्मुद्रित झाली आणि लोकमताच्या रेट्याने जहाज वाचले. ते आजही बॉस्टनच्या बंदरात आहे. ‘ट्रिंकोमाली’ही वाचले; ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे दुरुस्त करून ठेवलेले आहे आणि मलबारच्या सागाला तेथे हात लावून पाहता येतो. ‘कॉर्नवालिस’ला तसे नशीब लाभले नाही. १८६५ मध्ये त्याचे शीरनेस येथे धक्क्यात रूपांतर झाले, म्हणजे इतर जहाजांनी ज्याला टेकावे असा काठ झाले, आणि ते शेवटी १९५७ मध्ये फोडण्यात आले.

भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय होती. ती जतन करावी यासाठी न्यायालयात अर्ज झाले. उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. त्याच वर्षी तिला दारूखान्यात आणून फोडण्यास प्रारंभ झाला. १९७१ च्या युद्धातील तिची चित्रे आणि छायाचित्रे पाठ्यपुस्तकांतून, भिंतीवरील दिनदर्शिकांतून सर्वांच्या परिचयाची होती. फोडणीच्या दिवसांतले तिचे जे रूप होते, कापलेली फळी, उघडे पडलेले कक्ष, भरतीच्या पाण्यात रुतलेला तळ आणि त्यावर गॅसच्या ज्योतीने पोलाद कापणारे मजूर, ते वृत्तपत्रांच्या आतल्या पानांपलीकडे फारसे गेले नाही. तिच्या धातूचा काही अंश एका कारखान्याने विकत घेऊन २०१६ मध्ये मोटारसायकलीत वापरला. जाहिरातीत पुन्हा युद्धनौकेचेच चित्र आले, समुद्रावरचे, अखंड.